दोन वकील

"उद्या मी कोर्टात येणार नाही, आई! लोकांच्या नजरा झेलून झेलून मेले मी!" लेक कडाडली, आणि आईने मांडीवरची चिरलेल्या भाजीची परात बाजूला ठेवली.

लाँड्रीत इस्त्रीच्या मेजापाशी बावीस वर्षं उभी होती ती, पण तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. महिन्यापूर्वी ती तापाने फणफणली आणि नर्सिंग शिकणारी लेक दुपारभर तिच्या जागी उभी राहिली. बस चुकेल म्हणून घाईने निघाली... आणि इस्त्री चालूच राहिली! आग लागली, चौकीदाराचे दोन्ही हात भाजले. कानावर येताच आईने क्षणात ठरवलं. "लेक गेल्यावर मी आले होते. इस्त्री मीच विसरले," असं तिने पोलिसांना सांगितलं, लेकीलाही तेच. लेकीने ते खरं मानलं, आणि तेव्हापासून घरात जवळजवळ अबोला!

न्यायाधीशांपुढेही तिने हात जोडले होते. "गुन्हा कबूल आहे, साहेब. वकील कुठून आणू?"

"तुम्ही आणायचा नाही, बाई. परवडत नसेल तर कोर्ट देतं. हक्क आहे तुमचा, उपकार नाही."

मिळाली ती थकल्या डोळ्यांची एक वकीलबाई. फुकटची वकील, दोन शब्द बोलून जाईल, असं आईला वाटलं. पण ती बाकावर शेजारी बसून तासभर विचारत राहिली. "मला सांगाल ते माझ्यापाशीच राहील. खरं बोला."

"खरंच सांगितलंय."

वकीलबाईने सुस्कारा सोडला. "बरं. आजारपणाचे कागद तरी आणा."

तेच कागद आता आईने लेकीपुढे सरकवले. दवाखान्यातलं ते अक्षर तिला कुठलं लागायला! लेकीने मात्र रागारागात चाळता चाळता एका कागदावर बोट थांबवलं.

"आई... त्या दिवशी तू दवाखान्यात होतीस? चार ते सात तुला सलाईन लावलं होतं. आग साडेपाचला लागली. मग इस्त्री..."

"गप्प बैस! तुझं सगळं आयुष्य पडलंय पुढे. माझं काय, पिकलं पान!"

"आणि मी महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही गं!" लेकीने तिच्या मांडीवर डोकं टाकलं, आणि दोघींच्या अश्रूंना खळ राहिला नाही...

सकाळी लेक वकीलबाईसमोर उभी राहिली. "माझ्या हातून लागली आग. मलाही वकील मिळेल?"

"पुढे एक शब्द बोलू नकोस!" वकीलबाई म्हणाली. "मिळेल, पण दुसरा. मी तुझ्या आईची वकील. दोघींचं हित एकच असेल असं नाही."

"एकच आहे हो!" आई कळवळली.

"तरीही दोन वकील."

त्या दोन्ही वकिलांनी मिळून शोधून काढलं, की इस्त्री आपोआप बंद करणारी कळ वर्षभर बिघडलेली होती आणि मालकाला ते माहीत होतं. आई सुटली, खोट्या जबाबाबद्दल न्यायाधीशांची बोलणी मात्र खाल्ली तिने. लेकीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. शिक्षणाचं एक वर्ष गेलं.

लेक रोज चौकीदाराच्या घरी मलमपट्टी करायला जाऊ लागली. दोन दिवस त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात पुढे केले... आणि लेकीसोबत येऊन दारात उभ्या राहिलेल्या आईने पदराने डोळे टिपले.