उंबऱ्यावर बसणारी

त्या दुपारी मी फक्त एक मांजर पोहोचवायला निघालो होतो. वेताची टोपली, तोंडाला बांधलेलं जुनं फडकं, आणि आत शाई. शाई म्हणजे आमची काळी मांजर. नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. थंडी सुरू झाली आणि त्याच सुमारास बायको गेली. घर सावरायला तिची थोरली बहीण येऊन राहिली होती. बाई मनानं सोन्यासारखी, पण काळं मांजर दिसलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"भाऊजी, सकाळी उठल्या उठल्या हिचं तोंड बघायचं, आणि मग दिवस वाईट गेला म्हणून रडायचं."

"ताई, सकाळी मी आधी आरशात बघतो. मांजराला कशाला दोष देता?"

"करा थट्टा. माझी बहीण काही थट्टेत गेली नाही."

शिवाय मांजर आता चिमीवर फिसकारू लागली होती. चिमी म्हणजे आमची मुलगी, अजून आईच्या शालीत तोंड खुपसून झोपणारी. तिला आईच्या शिवणाच्या खोलीत जाऊन बसायचं असायचं, आणि मांजर तिला उंबरा ओलांडू देत नव्हती.

त्या उंबऱ्याचं असं होतं. माझी बायको दवाखान्यांसाठी पांढरे कोट शिवायची. पांढऱ्या कोटावर एक काळा केस दिसला तरी माल परत यायचा. म्हणून शाईला पिल्लू असल्यापासून शिस्त लावलेली: यायचं ते उंबऱ्यापर्यंत, आत पाऊल नाही. ती तिथे पाय पोटाशी घेऊन बसायची आणि मशीनच्या आवाजावर पेंगायची. बायको म्हणायची, "लोक हिला अपशकुनी म्हणतात. मला विचार. स्वयंपाकघरात दिवे गेले की ही दिसत नाही, नुसती पायाशी ऊब कळते. एवढी सोबत माणूस तरी करतं का?"

ती गेल्यावरही शाई तिथेच बसत राहिली. बिचारीची सवय जात नाही, असं आम्ही म्हणायचो. आता ती पेंगत नव्हती. शेपटी फुगवून, रिकाम्या खोलीकडे टक लावून बसायची. आम्हाला ते दुःख वाटलं. ज्याच्या घरात दुःख असतं त्याला सगळीकडे तेच दिसतं.

धान्याच्या गोदामाच्या राखणदाराला मांजर हवीच होती. मी आधीच सांगून टाकलं, "काळी आहे हं."

"मग? उंदीर काय रंग विचारून मरतो?" तो हसला आणि टोपली आत घेऊन गेला. फडक्याआडून शाई एकदाच ओरडली. तसा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

परत येईपर्यंत धुकं उतरलं होतं. रस्त्यावरचे दिवे लागले होते, पण त्यांचा उजेड खांबापाशीच अडकून राहिला होता. मी फाटक लोटलं आणि घरातून मशीनचा आवाज आला.

मला आनंद झाला. हे सांगायलाच हवं. क्षणभर का होईना, मला फक्त आनंद झाला.

मग मी ऐकू लागलो. माझी बायको शिवण संपलं की थांबायची, दोरा दातानं तोडायची, कापड फिरवायची आणि पुन्हा सुरू करायची. ते थांबणं माझ्या कानात इतकी वर्षं मुरलेलं. हे मशीन थांबत नव्हतं. एकसारखं चाललं होतं, जणू चालवणाऱ्याला कापड संपतं हेच ठाऊक नव्हतं. ताई मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. खोलीचं दार बंद होतं. फटीतून मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा, खूप दिवस झाकून ठेवलेल्या ओल्या कापडाचा.

"चिमे...?"

आवाज थांबला. मी दार उघडलं.

गिऱ्हाइकं ज्या बुटक्या स्टुलावर उभी राहायची, त्यावर चिमी उभी होती. दोन्ही हात बाजूला ताठ पसरलेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मशीनच्या सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. चाक मात्र अजून सावकाश फिरत होतं.

"काय करतेस?"

"हळू बोला ना, बाबा... माप घेणं चाललंय."

"कोण घेतंय?" आणि मग मीच विचारलं, "आई...?"

ती विचारात पडली. "हात आईसारखे होते."

"आणि चेहरा?"

"चेहरा अजून व्हायचाय..."

मी तिला उचलून ताईच्या हवाली केलं आणि गोदामाकडे धावलो. राखणदारानं काही न विचारता टोपली आणून दिली. त्याच्या हातावर ओरखडे होते.

घरात टोपली उघडताच शाई शिवणाच्या खोलीकडे गेली. उंबऱ्यावर क्षणभर घुटमळली, आणि जन्मात पहिल्यांदा आत शिरली. कोपरे हुंगले. मशीनवर चढली, शांतपणे पंजा चाटला. तिथे आता काहीच नाही, हे माझ्याही लक्षात आलं, आणि मला हायसं वाटलं.

मग ती स्वयंपाकघरात आली. चिमी ताईच्या मांडीवर बसली होती. शाई जागीच थबकली. तिची पाठ कमानीसारखी वर आली.

"भाऊजी..." ताई कुजबुजली. "ही पोरीकडे अशी काय बघतेय...?"

आता शाई चिमीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसते, तोंड आतल्या बाजूला करून. तिच्यापुढे दूध ठेवते ती ताईच. अपशकुनाचा शब्द तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी दिवा लावून मीही तिथेच खुर्ची टाकतो. चिमी शहाण्यासारखी वागते. वेळेवर जेवते, अभ्यास करते. आईची शाल तिनं स्वतःहून घडी करून कपाटात ठेवली. तिचा चेहरा तिचाच आहे. मी रोज नीट बघतो.

काल ती चित्र रंगवत होती. मान वर न करता, अगदी गोड आवाजात तिनं विचारलं,

"बाबा, मांजरं किती वर्षं जगतात हो?"