रिकाम्या पाळण्याचा झोका

त्या दिवशी मी नैनाचे मोजे वाळत घालत होते, एवढंच. जर्मनीत, हॅनोव्हरला जानेवारीत चार वाजताच अंधारतं. हीटरवरच्या ओल्या लोकरीचा वास खोलीभर पसरला होता. सात महिन्यांची नैना छातीशी बांधलेली, गाढ झोपलेली. मोज्यागणिक मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत होते. माझं हे असंच.

नवरा, प्रसन्न, दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात. बर्फ फोडणाऱ्या जहाजाची डिझेल इंजिनं तो सांभाळतो. फोन आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेलेला. जहाज बर्फात रुतलं होतं. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या टाक्यांतलं पाणी पंपाने इकडून तिकडे ढकलतात. जहाज पाळण्यासारखं झुलतं, बर्फाची पकड सुटते. आणि पंपच बंद पडला होता.

"पत्रा कण्हतोय गं... नैनाला..." फोन तुटला.

पाळणा सासूबाईंनी पुण्याहून सुटा करून आणलेला. जाताना बजावून गेल्या होत्या, रिकामा हलवू नकोस, नको ते येऊन निजतं. मी फिजिक्सवाली, तेव्हा हसले होते. आता मात्र हात आपणहून दोरीकडे गेला. कुणीतरी झुलवायला हवं होतं.

कडी कुरकुरली. डिझेलचा वास आला, मग खाऱ्या थंडीचा. खिडकीबाहेरचे दिवे तरंगत लांब गेले. जमीन या कुशीवरून त्या कुशीवर कलू लागली. अंगाई मी म्हणत होते की ऐकत होते, कळेना. दूर कुठेतरी काहीतरी लांबलचक तडकलं.

फोन वाजला. "अगं... सुटलो. पंप बंदच आहे, जहाज आपोआप झुललं." मग हळूच, "बर्फाखालून एक तान्हं रडत होतं. सगळ्यांनी ऐकलं... आता थांबलंय."

मी दोरी सोडली. पाळणा थांबला नाही. गादीवर मुठीएवढा ओला खळगा पडला होता.

तेव्हापासून तो मंदावला की मी झोका देते. परवा द्यायचा राहिला, तर जहाज पुन्हा रुतलं. प्रसन्न यायला अजून महिना आहे. म्हणून तुमच्याशी इतकं हळू बोलतेय. एक हात दोरीवर आहे ना. नैना माझ्या मांडीवरच निजते.

खळगा आता तिच्याएवढा झालाय.