सत्तरपैकी सत्तर

"फक्त सत्तर?" करण ओरडला. "मला गणितात सत्तर पडले तर आई तीन दिवस बोलत नाही!"

ओट्यावर बसलेले दळवीसाहेब मोठ्याने हसले. त्यांच्या हातात जाड, पारदर्शक प्लास्टिकची एक चपटी डबी होती. आत चकचकीत नाणं, वर चंदेरी शिक्का आणि शिक्क्यावर आकडा : ७०.

"अरे बाळा, हे शंभरपैकी नाहीत. सत्तरपैकी सत्तर! नाण्यांना जगभर असेच गुण देतात. तज्ज्ञ भिंगाखाली नाणं तपासतात, गुण देतात आणि डबीत कायमचं बंद करतात. हे प्रूफ नाणं आहे. बाजारात चालवायला नाही, बघायला केलेलं. टांकसाळीतून निघाल्यापासून याला माणसाचा हात लागलेला नाही!"

"वा!" संदीपकाका म्हणाले. दळवीसाहेबांना घरी आणलं होतं त्यांनीच. "आण्णा, तो शिक्का बघा कसा चमकतोय! अस्सल माल!"

आण्णा म्हणजे मुलांचे आजोबा, सूर्यभान. ते अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. त्यांच्या शेजारी पितळी डबा होता. मनकर्णा आजीचा.

निकिताचं लक्ष त्या डब्यावरच होतं. ती आणि तिचा धाकटा भाऊ करण नाशिकहून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत राहात्याला येत. एस.टी.तून उतरलं की पेरूच्या बागेच्या कोपऱ्यावर आजी उभी असायची. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हा डबा उघडायचा. आजीच्या आईने दिलेले चांदीचे जुने रुपये त्यात होते. निकिता आणि आजी अंगणात बसून ती नाणी चिंचेने घासायच्या. "लई जोर लावू नगं गं, राजाचं नाक झिजंल," असं आजी दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी दोघी हसायच्या.

यंदा आजी नव्हती. पहिलंच वर्ष, म्हणून घरात कढई चढली नव्हती. फराळाची ताटं शेजारणी आणून देत होत्या.

"मग ठरलं तर," दळवीसाहेब उठले. "काल नातवासाठी ही एक डबी तुम्ही रोख घेतलीच आहे. अशाच आणखी दोन, नातींसाठी, मी देतो. बदल्यात हा जुना डबा. दुपारी शिर्डीला आमच्या प्रदर्शनात घेऊन या. संध्याकाळी मी निघणार."

"आजोबा!" निकिताचा आवाज चिरकला. "आजीची नाणी देणार तुम्ही?"

"पोरांनो, झिजल्यात ती," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "माझ्यामागं तुमच्याकडं न झिजणारं काहीतरी राहावं."

निकिताने करणची डबी उचलली आणि उन्हात धरली. नाण्यावरच्या सिंहाच्या पंजाखाली, अगदी खोबणीत, पिवळी रेघ होती.

"हे पिवळं काय आहे?"

दळवीसाहेबांनी पापणीही हलवली नाही. "सोनेरी छटा! जातिवंत नाण्यालाच येते. त्याने किंमत वाढते, बरं का!"

ते गेल्यावर निकिताने चुलत बहिणीला पेरूच्या झाडामागे ओढलं. दीपा, संदीपकाकांची मुलगी, नववीत होती आणि कुणाला घाबरायची नाही.

"दीपाताई, ती सोनेरी छटा नाही. हळद आहे."

"कशावरून?"

"आजीच्या नाण्यांवर पूजेची हळद दर वर्षी तशीच बसायची. खोबणीतली शेवटपर्यंत निघायची नाही. पण याला तर कुणाचा हातही लागलेला नाही म्हणे! मग हळद कोणी लावली? टांकसाळीने?"

दीपाने शिट्टी वाजवली. "चल शिर्डीला. आत्ताच!"

"मी पण!" झाडावरून आवाज आला. करण वर बसून पेरू खात होता.

"तू नको. तू बोलतोस फार."

"मग मी इथेच राहून बोलतो. काकांशी!"

करणला घ्यावंच लागलं.

प्रदर्शन एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. दळवीसाहेबांच्या टेबलाभोवती झुंबड होती. कोपऱ्यातल्या एका टेबलावर मात्र शुकशुकाट. तिथे चष्मा लावलेल्या एक बाई जुनी नाणी मांडून शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्या होत्या पुष्पावतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षिका.

"बाई, एक विचारू?" निकिता म्हणाली. "प्रूफ नाण्याला सत्तर गुण मिळाले, तर जास्त पैसे देऊन घ्यावं का?"

बाईंनी कोडं बाजूला ठेवलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नीट प्रश्न विचारला होता.

"तुमच्या वर्गात सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मिळाले, तर पहिल्या नंबरचं कौतुक राहील का?"

"नाही!"

"तसंच आहे हे. नवं प्रूफ नाणं टांकसाळ मुळातच निर्दोष बनवते. सरकारी पेटीत घालून देते. तपासायला पाठवलं की बहुतेकांना एकोणसत्तर नाहीतर सत्तर. त्या एका गुणासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे आणि विकायला गेलं की तेवढे कुणी देत नाही! नाणं जुनं असेल, दुर्मिळ असेल, खरं की खोटं अशी शंका असेल, तर तज्ज्ञाचं मत कामाचं. नव्यासाठी टांकसाळीची पेटी पुरे."

"आणि गुणच खोटे असतील तर?" दीपाने विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून दळवींच्या टेबलाकडे पाहिलं. "मला संशय आहे. पण डबी फोडल्याशिवाय सिद्ध कसं करणार? आणि फोडली तर घेणाऱ्याचंच नुकसान. म्हणून कुणी फोडत नाही."

तेवढ्यात करणने निकिताची बाही ओढली. "ताई! तो बघ!"

दळवींचा निळ्या शर्टातला मदतनीस मागच्या दाराने पलीकडच्या खोलीत जात होता. त्याच्या हातातली कापडी पिशवी खुळखुळत होती. मुलं बाहेर धावली आणि हॉटेलच्या मागच्या बोळात शिरली. एका खोलीची खिडकी अर्धी उघडी होती.

घर्रर्र! घर्रर्र!

"माझ्या खांद्यावर चढ," दीपा कुजबुजली. निकिता चढली आणि तिने आत डोकावलं. मदतनीस फिरत्या चाकावर दहा रुपयांचं नाणं घासत होता. बाजूला रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या आणि चंदेरी शिक्क्यांची पट्टी. घासलेलं नाणं त्याने डबीत टाकलं, दाबून बंद केलं आणि वर शिक्का चिकटवला.

"सत्तर!" निकिता श्वास रोखून म्हणाली. "न बघताच सत्तर दिले!"

"आमच्या गणिताच्या बाई मला असे कधी देणार?" खालून करण म्हणाला आणि त्याला शिंक आली.

चाक थांबलं. "कोण आहे रे तिकडं?"

तिघं सुसाट पळाली आणि फुलांच्या दुकानांच्या ओळीत घुसली. हारांच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या एका आजींनी डोळे वटारले. "आरं, गुलाब तुडवू नगा! कुणाची पोरं तुमी?"

"मावशी, तो निळ्या शर्टातला माणूस तुमच्याकडे येतो का?" निकिताने धापा टाकत विचारलं.

"त्यो व्हय? रोज येतो," त्या आजी, रतनबाई, म्हणाल्या. "कुणाचं चित्र असलेलं, नवं दिसणारं नाणं असलं तर वर दोन रुपये जादा देऊन नेतो. परवा तर माझी भवानीची नाणी बी घेऊन गेला, हळदीकुंकवासकट! म्या म्हनलं, धुवून तरी घे!"

निकिता आणि दीपाने एकमेकींकडे पाहिलं. हार करणाऱ्या सगळ्याच बायका पहिल्या गिऱ्हाइकाच्या नाण्याला हळदीकुंकू लावत होत्या. पिवळी रेघ कुठून आली ते कळलं होतं!

"मावशी, हे आत येऊन सांगाल?"

"दुकान कोन बघंल? माझा काका?" रतनबाई पुटपुटल्या. मग शेजारणीला हाक मारून त्या पदर खोचून उठल्याच. "चला. म्हातारी भांडायला घाबरत न्हाई."

हॉलमध्ये आजोबा आणि संदीपकाका पोचले होते. पितळी डबा दळवींच्या टेबलावर होता आणि दळवींचा हात डब्यावर.

"आजोबा, देऊ नका!" निकिता ओरडली. "ही बाजारातली साधी नाणी आहेत! मागच्या खोलीत चाकावर घासतात!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग दळवी हसले. "ते चाक नाणी मांडायच्या चौकटी घासायला आहे. संदीपराव, मुलांना जरा आवरा."

"निकिता, माफी माग!" काका लाल झाले. "कुणाशी बोलतेस कळतं का? शिक्का दिसत नाही तुला?"

"आरं, शिक्का काय दावतोस! माझ्याच दुकानातली नाणी नेल्यात त्यानं!" रतनबाई गरजल्या.

"त्या नाण्यांवर काय हिचं नाव लिहिलंय?" दळवी म्हणाले.

डबा अजून त्या माणसाच्या हाताखाली होता. निकिताने सकाळपासून जवळ ठेवलेली करणची डबी आजोबांपुढे धरली. "आजोबा, ही फोडा. ते पिवळं हळद आहे. हळदीला चुना लावला की लाल होते. शाळेत प्रयोग केलाय आम्ही. तुमच्या पानसुपारीच्या चंचीत चुना आहे ना?"

"फोडलीत तर संपलं!" दळवी पटकन म्हणाले. "सत्तर गुण गेले. पैसे परत मिळणार नाहीत. मग माझ्याकडे यायचं नाही!"

"आण्णा, वेडेपणा करू नका," काका म्हणाले.

आजोबांनी डबी घेतली. खिडकीपाशी जाऊन त्या पिवळ्या रेघेकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"चादर बी अशीच लाल झाली हुती," ते म्हणाले.

"कसली चादर, आण्णा?" काकांनी विचारलं.

"तुझ्या आईची. शेवटच्या दुखण्यात तिला हळदीचं दूध देत हुतो. हात कापायचा तिचा, सांडायचं. म्या साबण लावला आन् चादर लालभडक. मला वाटलं, रगात. घाबरून पळत आत गेलो. ती हसली. म्हनली, आवो, हळद हाय ती. इतकी वर्सं तुमच्या चादरी धुतल्या म्या, तुमाला एवढं बी ठावं न्हाई?"

आजोबांनी खिशातून अडकित्ता काढला. डबीची कड पात्यात धरली आणि दाबली. कट्ट! नाणं त्यांच्या तळहातावर पडलं. चंचीतला चुना बोटावर घेऊन, जरा ओला करून, त्यांनी सिंहाच्या पंजाखाली लावला.

पिवळी रेघ तांबडी झाली.

"लाल! लाल झाली!" कुणीतरी ओरडलं. गर्दी पुढे सरकली. पुष्पावतीबाईंनी भिंग लावून नाणं पाहिलं. "चाकाचे ओरखडे आहेत. हे प्रूफ नाणं नाहीच. दहा रुपयांचं नाणं आहे आणि त्याची किंमत दहा रुपये!"

दळवी टेबलाखालून वाकून मागच्या दाराकडे पळाले. दार हललं नाही. त्यांनी धक्का मारला, लाथ मारली.

"करण कुठाय?" दीपाने विचारलं.

दाराच्या पलीकडून बारीक आवाज आला. "कडी लावलीय मी! चालू ठेवा तुमचं!"

हॉल हसण्याने भरून गेला. हॉटेलच्या मॅनेजरने पोलिसांना फोन केला. पोलीस आले, मागची खोली उघडली गेली आणि चाक, डब्या, शिक्क्यांची पट्टी, सगळं टेबलावर आलं. फसलेल्या लोकांची रांग लागली.

संदीपकाका खाली मान घालून उभे होते. "मी शिक्काच बघत बसलो गं," ते निकिताला म्हणाले. "नाणं बघितलंच नाही. तू बघितलंस. शाबास!"

"म्या बी चुकलो," आजोबा म्हणाले. त्यांनी पितळी डबा छातीशी धरला होता. "वाटलं, हात न लागलेलं टिकंल. पर तिचा हात लागलेलं हेच तेवढं उरलंय माझ्याकडं. पोरांनो, तुमी नसता तर गेलं हुतं."

त्यांनी निकिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

करण मात्र हिरमुसला होता. "म्हणजे माझं प्रूफ नाणं गेलंच की!"

"थांब." पुष्पावतीबाईंनी आपल्या पेटीतून एक छोटी पेटी काढली. "ही टांकसाळीची. आत खरं प्रूफ नाणं आहे. गुण नाहीत, फुशारकी नाही. कडी लावणाऱ्यासाठी माझ्याकडून बक्षीस!"

करणने पेटी उघडली. नाण्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं. "अय्यो!" म्हणत त्याने नाण्यावरचं पारदर्शक झाकण काढलं आणि नाण्याच्या मधोमध आपला अंगठा टेकवला.

"अरे, हात लावू नकोस!" बाई, निकिता आणि दीपा एकदम किंचाळल्या.

उशीर झाला होता. आरशासारख्या नाण्यावर पेरूने चिकट झालेला अंगठा ठसठशीत उमटला होता.

आणि आजोबा हसले. आजी गेल्यापासून पहिल्यांदाच. खांदे गदगदा हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडं."

त्यांनी नाणं उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूवर आपला अंगठा दाबला. पुष्पावतीबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.