भागिरथाची गोधडी

रंजीता कारंज्याच्या बाजारात शिरली तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते, आणि गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. इंझोरीहून दत्तजयंतीसाठी माहूरला पायी निघायचं... सहा मुक्काम, थंडीचे दिवस, अन् आपलं अंथरूण आपल्याच खांद्यावर. मागच्या साली जड चादरींनी खांदा असा धरला की पोहरादेवीहूनच परतावं लागलं. यंदा माघार घ्यायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

ब्लँकेटांच्या दुकानात दुकानदार उदयसिंग एकटाच होता. तिनं एकेक ब्लँकेट खांद्यावर टाकून पाहिलं, नाक मुरडलं, परत ठेवलं. नवरदेवालाही इतकं पारखून घेत नाहीत, असं तो गालात हसत म्हणाला. नवरदेवाला खांद्यावर घेऊन चालावं लागत नाही, असं तिनंही ऐकवलं.

मग तिचा हात वरच्या फळीवर गेला. जुन्या लुगड्यांची गोधडी... पिसासारखी हलकी. आणि ऊबदार. जणू आत्ताच कुणी तिच्यातून उठून गेलं होतं.

"ते नोका घेऊ," उदयसिंग म्हणाला. त्याचं हसू विरलं होतं.

त्यानं सांगितलं, ही गोधडी तीनदा विकली गेली अन् तिन्ही वेळा परत आली. घेणारे सांगत, पांघरली की आतून कुणी श्वास घेतं. उदयसिंगच्या आईनं, भागिरथानं, स्वतःच्याच लुगड्यांची शिवलेली. एक कोपरा राहिला अन् ती गेली. तो कोपरा मग उदयसिंगनं मशीनवर शिवून टाकला.

रंजीतानं तो कोपरा चाचपला. "पोट भरलं व्हतं का इचं?"

त्याला कळलंच नाही. तिनं सांगितलं... तिच्या घरची रीतच होती, शेवटच्या टाक्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. उपाशी गोधडी आपल्या माणसाला सोडत नाही. बोलता बोलता तिच्या हातातली गोधडी हळूच फुगली... अन् बसली. झोपलेल्या बाईच्या छातीसारखी. रंजीताला भीती नाही वाटली, माया दाटून आली.

तिनं त्याचा जेवणाचा डबा अन् सुईदोरा मागितला, अन् दातानं त्या कोपऱ्याचा धागा तोडला. तेवढ्यात त्यानं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या... परत आली तवापासून रोज दुकान लावताना मी कानाले लावतो तिले."

रंजीतानं हात सोडवून घेतला नाही.

"तुमी धरून ठेवलं म्हणून ते अडकून राह्यली," ती हळूच म्हणाली. "तिनं जावं तरी कवा?"

गोधडीतला श्वासही थांबला होता, ऐकत असल्यासारखा. उदयसिंगनं तिचं मनगट सोडलं, डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला अन् स्वतःच्या हातानं आत ठेवला. रंजीतानं टाका घातला. एक लांब सुस्कारा दुकानभर फिरला, भिंतीवरचं कॅलेंडर हललं... अन् गोधडी गार पडली. नुसतं कापड.

उदयसिंग पाठमोरा झाला. आता दुकान खायला उठेल, असं काहीसं पुटपुटला.

"सोमवारी निघतो आमी," रंजीता गोधडीची घडी घालत म्हणाली. "वाटंत बोलाले बम माणसं असतात."

तो वळला. डोळे ओले, पण त्यांत काहीतरी नवं... तिच्याकडं पाहणारं.

"माह्यापाशी हलकं अंथरूण नाही," तो म्हणाला.

"मंग निवड ना." 'तुमी' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. उंबऱ्यावर बसत ती म्हणाली, "मी थांबते."