भोगीच्या रात्री गावच्या खोलीत

ठोकून झाला तंबू? मग बसा आता. गच्चीवर वारा आहे, तो उडून लालबागच्या पुलावर नाही पडला म्हणजे मिळवली.

तासभर ऐकतोय तुमचं. सम्यक म्हणतो, ट्रेकला जायचं तर तंबूतच झोपायचं. स्पृहा म्हणते, गिझर आणि बरी गादी नसेल तिथे मी पाऊल ठेवणार नाही. भांडा खुशाल. माझे गुडघे मला या गच्चीपर्यंत आणतात, एवढाच प्रवास मला पुरे. पण जमिनीवर पाठ टेकण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या लवूचं सांगतो. ऐकीव नाही, घडलेलं आहे. गेल्या भोगीची रात्र, तेरा जानेवारी, आणि जागा इथून हाकेच्या अंतरावर, परळमध्ये. लवू धडधाकट आहे, चिंचपोकळीला राहतो. पटलं नाही तर विचारून या.

लवू एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर. अठ्ठावन्न वय. दिवसा लोकांना डोंगर, देवळं दाखवायची आणि रात्री त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. उशी कडक आहे, पाणी कोमट आहे, शेजारच्यांना समुद्र दिसतो आणि आम्हाला पार्किंग. लवू सगळं हसून ऐकून घ्यायचा. कारण माणसाला मऊ गादी मिळालीच पाहिजे, हे त्याचं स्वतःचंच मत होतं.

त्याचा पुतण्या राजस एकदम दुसऱ्या टोकाचा. शनिवार आला की पाठीवर ही भलीमोठी सॅक. वर काकाला ऐकवणार, "काका, तुम्ही फाइव्ह स्टारवाले. दगडावर झोपल्याशिवाय खरा प्रवास कळतच नाही."

लवू म्हणायचा, "बाळा, माझा बाप जन्मभर फरशीवर झोपला. त्याला कोणी ॲडव्हेंचर म्हटलं नाही रे."

हे तो कोणत्या फरशीबद्दल बोलायचा, ते सांगतो. कोकणातल्या एकेका गावाने परळ-लालबागच्या चाळींत एकेक खोली घेऊन ठेवलेली असायची. बायकापोरं गावी, पुरुष इथे गिरणीत. सगळे त्या एका खोलीत. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे, आणि जमिनीवर प्रत्येकाची हातभर रुंद पथारी. ती पथारीसुद्धा एकट्याची नाही. एक जण कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा. आणि तिथली एक रीत होती. पाळी संपवून आलेल्याने हाक मारायची नाही, बाकीचे जागे होतील. झोपलेल्याच्या तळपायावर दोन बोटांनी टिचकी मारायची. त्याने गुपचूप उठायचं, अंथरूण तसंच ठेवायचं आणि बाहेर गॅलरीत जायचं. कितीही झोप असो, कुरकुर करायची नाही.

लवूने रात्रशाळा केली ती त्याच खोलीत राहून. वयाने सगळ्यांत लहान, त्यामुळे टिचकी आधी त्याच्याच पायाला. कित्येक वर्षं त्याची झोप अशी अर्धवट मोडली. पहिली बरी नोकरी लागली त्या दिवशी त्याने पलंग घेतला आणि शपथ घेतली, पुन्हा जमिनीवर झोपणार नाही.

आता चाळ पाडायची ठरली होती. बिल्डरचा सर्व्हेवाला सकाळी कधीही येणार आणि ज्या खोलीत माणसं नांदताना दिसतील तिच्या चौकटीवर खूण करणार. कुलूप दिसलं किंवा खोली रिकामी दिसली, तर ती बंद पडलेली धरणार. मग नव्या इमारतीत गावाला जागा नाही. खोली तर कित्येक वर्षं बंदच होती. म्हणून गावच्या मंडळाने ठरवलं, आळीपाळीने एकेकाने तिथे झोपायचं. भोगीच्या रात्री पाळी आली लवूची.

त्याच दिवशी तो अंदमानची टूर संपवून आला होता. डोळे लाल, पाय सुजलेले. बायको दर्शना म्हणाली, "दुसऱ्या कोणाला सांगा ना." पण सांगणार कोणाला? भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन तो निघाला. राजसने स्वतःची हवेची गादी दिली, अख्ख्या तंबूत पसरणारी, आणि स्लीपिंग बॅग. "काका, आज तुमचं कॅम्पिंग," म्हणाला. लवूला हसण्याचंही त्राण नव्हतं.

खोलीत जाऊन त्याने दिवा लावला. ट्रंका गेलेल्या, खुंट्या तेवढ्या शिल्लक. पंपाने हवा भरता भरता गादी फुगत फुगत या भिंतीपासून त्या भिंतीला टेकली. पाय ठेवायला जागा उरली नाही. लवूला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी ही अख्खी खोली आपल्या एकट्याची, असं त्याच्या मनात आलं. त्याने दाराला आतून कडी घातली, दिवा मालवला आणि पडला.

डोळा लागला असेल नसेल...

गॅलरीत कोणीतरी चपला काढल्या. आवाज होऊ नये म्हणून माणूस काढतो ना, तशा. एक. मग दुसरी. मग दुसऱ्या कोणाच्या. मग आणखी. लवूला वाटलं, शेजारचे असतील. पण शेजारच्या खोल्या तर केव्हाच रिकाम्या झालेल्या.

कडी वाजली नाही. दार वाजलं नाही.

आणि तळपायावर टिचकी.

दोन बोटांची.

लवू हलला नाही. त्याने पाय स्लीपिंग बॅगेत आत ओढून घेतले, लहान पोरासारखे. स्वप्न आहे, स्वतःशी म्हणाला. दमलोय मी.

परत टिचकी. जोरात नाही. घाई नाही. ज्याला ठाऊक आहे की हा उठणारच, त्याची टिचकी.

त्याने डोळे उघडले. रस्त्याच्या दिव्याचा उजेड तावदानातून येत होता. भिंतीला टेकून माणसं उकिडवी बसली होती. ओळीने. गादीमुळे बसायलाही जागा नव्हती, म्हणून अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन. चेहरे दिसत नव्हते. माना खाली गेलेल्या. एकाची मान पेंगून शेजारच्याच्या खांद्यावर पडली होती. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. कोणी काही करत नव्हतं.

नुसती वाट बघत होती.

पळावं म्हटलं तर दाराशी पण तीच. आणि पळून जाणार कुठे? सकाळी सर्व्हेवाल्याला खोली रिकामी दिसली तर गावाची एवढ्या पिढ्यांची जागा गेली, ती लवूमुळे गेली.

मग त्याला रागच आला. खरंच सांगतो, भीतीपेक्षा राग. "मी पण दमलोय रे," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. "आजच आलोय. एक रात्र... एकच रात्र झोपू द्या."





मग पायाशी, अगदी दमलेल्या आवाजात, "वायच सरक रे..."

एवढंच. जरा सरक. रागावून नाही. विनवणीच होती ती.

आणि लवूच्या लक्षात आलं, सरकायला जागाच नाही. सगळी आपणच घेतली.

तो उठला. गादीचं बूच काढलं. हवा जायला लागली... हळूहळू... आणि ती गेली तशी भिंतीलगतची माणसं एकेक करून आडवी झाली. कूस बदलल्याचे आवाज. सुस्कारे. एक खोकला. लवूने मागे वळून पाहिलं नाही. मधल्या वाटेने, कोणावर पाय पडू नये म्हणून चाचपत, तो दाराशी आला. कडी काढली. दार उघडंच टाकलं आणि बाहेर आला.

दाराशी बसून राहायचं त्याच्या मनात होतं, पण तिथे बसवेना. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी तो थंडगार फरशीवर टेकला. अंगात एक शर्ट. नुसतं पाच मिनिटं बसू, म्हणाला...

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. लवू ताडकन उठला. खोलीकडे धावला. दार सताड उघडं, आत कोणी नाही. नुसती चपटी झालेली गादी पडलेली. घात झाला, म्हणाला. गेली खोली.

आणि मग त्याने चौकट पाहिली. तिच्यावर पांढऱ्या रंगाची खूण होती. ओली.

तो जिने उतरत खाली पळाला. सर्व्हेवाला कोपऱ्यावर चहा पीत उभा. लवूने धापा टाकत विचारलं, "साहेब, गावची खोली... तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली ना. टेन्शन कशाला घेता काका?" तो म्हणाला. "दार उघडंच होतं. आत एवढी माणसं झोपलेली, पाय टाकायला जागा नाही. नाइट शिफ्टवाले असतील, म्हटलं कशाला उठवा. मार्क मारला, पुढे गेलो."

लवू तिथेच चहाच्या गाडीला टेकला. चहावाल्याने त्याला गरम ग्लास दिला आणि विचारलं, "बरं नाही का तुम्हाला? असं पांघरून फिरताय म्हणून विचारलं."

तेव्हा लवूने स्वतःकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर एक काळी घोंगडी होती. जुनी, खरबरीत, ठिकठिकाणी विरलेली. रात्री तो बाहेर आला तेव्हा त्याच्याजवळ काही नव्हतं. शेजारी येऊन पांघरूण घालेल असं कोणी राहत नव्हतं. त्याने चाळीत उरलेल्या चारदोन घरांत विचारलं, मंडळात विचारलं, गावी फोन लावले. कोणाचीच नाही.

मी पाहिली आहे ती, हातात घेऊन. एका कडेला फाटली होती, तिथे कोणीतरी नीट टाचून दिली होती. गिरणीच्या सुताने. इथल्या गिरण्या बंद पडून किती काळ लोटला, तुम्ही तर त्यांच्या जागी मॉलच बघितलेत. पण ते सूत पांढरंशुभ्र होतं. कोरं. त्याच रात्री बाबीनवरून काढल्यासारखं.