सात महिन्यांचं पाणी

दारावरची घंटा वाजली की दार मास्तरच उघडत, आणि समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारी, "बाई आहेत का?" तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे रोज ऐकावं लागणं काही बरं नव्हे. पण बाहेरची शोधकामाची पाटी बायकोच्या नावाची होती. रंगवली तेवढी मास्तरांनी होती.

त्या सकाळी आलेल्या तरुणीनंही तेच विचारलं. खुर्चीत बसल्यावर तिनं दोन्ही तळहात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिली.

"बाई, माझ्या हातून चूक झाली की नाही, एवढंच मला सांगा," ती म्हणाली. "माझं मलाच कळेनासं झालंय."

हकिगत अशी होती. तिच्या सासऱ्यांची रसायनं तपासून देणारी प्रयोगशाळा होती. थोरली सून तिथे सोळा वर्षं काम करत होती. ही धाकटी, सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, पण शिकलेली जास्त. महिन्याभरापूर्वी सासऱ्यांनी ॲसिडच्या कपाटाची चावी थोरलीकडून काढून हिच्याकडे दिली. आठ दिवसांपूर्वी थोरलीनं 'पातळ सल्फ्युरिक ॲसिड' अशी चिठ्ठी असलेली बाटली घेतली, आणखी पातळ करायला तीत पाणी ओतलं, आणि बाटली उसळली. आत तीव्र ॲसिड होतं. थोरलीचा उजवा हात हातमोज्याच्या वर, कोपरापर्यंत भाजला. चिठ्ठीवरचं अक्षर धाकटीचं होतं.

"ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नसतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"तीव्र असेल तर कधीच नाही. नेहमी पाण्यात ॲसिड, तेही हळूहळू. उलटं केलं तर उकळून अंगावर येतं. पण वहिनींना वाटलं, हे आधीच पातळ केलेलं आहे." ती पुन्हा तळहातांकडे बघू लागली. "ती बाटली मी भरली होती. पातळच भरलं होतं. निदान मला तसं आठवतंय. शनिवारी बाबा मला कामावरून काढणार आहेत. त्याचं एवढं नाही हो. पण माझा हात असा चुकत असेल, तर मी पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही."

बाईंनी पर्स उचलली. "अहो, चहा परत आल्यावर घेऊ. चला."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला लागून ओटे, टोकाला ॲसिडचं कपाट आणि दाराशी डोक्यावर आणीबाणीचा शॉवर, त्याला लोंबणारी साखळी. अंगावर काही उडालं तर साखळी ओढायची आणि वीस मिनिटं पाण्याखाली उभं राहायचं. साखळीला एक कार्ड अडकवलेलं होतं. दर महिन्याला शॉवर सोडून बघितला की त्यावर सही करायची. शेवटची सही सात महिन्यांपूर्वीची होती.

सासरे आधी थोरलीबद्दलच बोलले. "सोळा वर्षांत तिनं थेंब सांडला नाही. डोळे मिटून बाटली उचलते आणि नुसत्या वजनावरून सांगते, आत काय आहे."

"मग चावी का काढून घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"नव्या तपासण्या धाकटीला येतात, म्हणून. तसं कपाट दिवसभर उघडंच असतं. चावी आपली नावाला."

"थोरल्या सूनबाईंना विचारलं होतंत?"

"त्यात विचारायचं काय? घरचंच माणूस आहे," सासरे म्हणाले.

बाईंनी मास्तरांना जाड हातमोजे घालायला लावले आणि कपाटातल्या दोन सारख्या बाटल्या उचलायला सांगितल्या. दोन्ही घट्ट बंद होत्या, दोन्हींत बिनरंगी पाण्यासारखंच काहीतरी होतं.

"ही डावीकडची चांगलीच जड आहे," मास्तर म्हणाले. "जवळजवळ दुप्पट."

"ते तीव्र ॲसिड," धाकटी म्हणाली.

बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. मास्तरांना हे "हं" मुळीच आवडत नसे.

धाकटीचा नवरा तराजूपाशी बसून होता. त्याच्या चेहऱ्यावर बारा वाजले होते. "वहिनी ओरडली तसा मी धावलो," तो म्हणाला. "तिला शॉवरखाली ओढलं, साखळी खेचली आणि धरून उभा राहिलो. नशीब, पहिल्यापासून स्वच्छ पाणी लागलं."

"बायकोवर आळ आला, वाईट वाटलं असेल."

त्यानं तराजूचं हलणारं पारडं बोटानं थांबवलं. "खरं सांगू? मी दोनदा नापास झालोय. ही आल्यापासून सगळे मला हिचा नवरा म्हणून ओळखतात. चावी हिला दिली त्या दिवशी मी जेवलो नाही. पोटात दुखलं माझ्या, का दुखू नये?"

मास्तरांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, आणि त्याच क्षणी त्याचा दाट संशयही आला.

साफसफाई करणाऱ्या मावशींचं दुःख वेगळंच होतं. "त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझी फरशी पुसायची पांढरी बादली कुणीतरी नेली. परत मिळाली ती तळाशी तांबडा गाळ घेऊन. आतून डाग पडलाय, अजून निघत नाही. विचारलं तर कुणी कबूल होईना."

"अपघात कधी झाला?"

"त्याच दुपारी, सुट्टी संपल्यावर."

एवढ्यात मागच्या बोळातून धबधबा सुटल्यासारखा आवाज आला. मास्तर 'ही साखळी कसली' म्हणून बघायला गेले होते आणि बघणं त्यांनी हातानं केलं होतं. बोळातही तसलाच एक शॉवर होता, त्यावरही तसलंच कार्ड, तीच शेवटची सही. मास्तर डोक्यापासून पायापर्यंत निथळत आत आले. त्यांचा पांढरा सदरा तांबूस तपकिरी झाला होता.

"गेरू," ते हताशपणे म्हणाले. "अगदी गेरूचा रंग आहे बघ."

"दोन्ही शॉवर एकाच जुन्या लोखंडी नळावर आहेत," धाकटीचा नवरा टॉवेल देत म्हणाला. "पाणी साचून राहिलं की गंज उतरतो."

बाईंनी नवऱ्याकडे अशा काही कौतुकानं पाहिलं की ते ओल्या अंगानं लाजले.

थोरली आतल्या खोलीत होती. हाताला बँडेज होतं, तरी डाव्या हातानं ती नोंदी लिहीत होती. विचारायच्या आधीच तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून ॲप्रन काढला. "त्या दिवशीचा आहे. वाळवला आणि तसाच ठेवला, धुतला नाही. बघा."

उजव्या बाहीवर काळ्या कडांची भोकं होती. बाकीचा ॲप्रन पांढरा स्वच्छ होता.

"शॉवर चालू होता, हे नशीबच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "मधे कुणी सोडून बघितला होता का?"

थोरलीचे डोळे चमकले. "कोण बघणार? सोळा वर्षं दर महिन्याला मी बघत होते. ही आली तेव्हा म्हटलं, आता शिकलेल्यांनी बघावं. सात महिन्यांत कुणी साखळीला हात लावलेला नाही, मी शपथेवर सांगते. हेही लिहून घ्या तिच्या नावावर."

"लिहून घेतलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा."

सगळे ओट्याभोवती जमले. बाईंनी ओट्यावर थोरलीचा ॲप्रन पसरला. मग मास्तरांना सदरा काढायला लावून तो शेजारी ठेवला. मास्तर टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभे राहिले.

"एकाच नळाचं पाणी, दोन्ही कार्डांवर सही सात महिन्यांपूर्वीची," बाई म्हणाल्या. "मग एक कपडा गेरूत बुडवल्यासारखा आणि दुसरा पांढरा कसा? त्या दिवशी या शॉवरला पहिल्यापासून स्वच्छ पाणी आलं. म्हणजे साचलेलं पाणी आधीच कुणीतरी काढून टाकलं होतं. कुठे? मावशींच्या बादलीत, ती पुन्हा पुन्हा भरून. कधी? जेवणाच्या सुट्टीत. त्या दुपारी शॉवर लागणार आहे, हे कुणाला तरी आधीच ठाऊक होतं."

"नुसतं कुणी बघायला सोडला असेल," मास्तर म्हणाले.

"सोडला असता तर सही केली असती, निदान बादलीच्या भांडणात सांगितलं असतं. आणि शपथेवर ऐकलंय आपण, कुणी हात लावला नाही. सूनबाई, एवढं एक तुम्ही बोलला नसतात, तर मला पुढे सरकता आलं नसतं. पण जावेच्या नावावर आणखी एक चूक लिहायचा मोह तुम्हाला आवरला नाही."

थोरली ॲप्रनच्या बाहीवरच्या भोकांकडे बघत होती.

"आता बाटली. मास्तरांनी आयुष्यात ॲसिडला हात लावला नव्हता, त्यांनाही वजनातला फरक कळला. तुम्ही तर डोळे मिटून ओळखता. ती बाटली हातात घेताच आत काय आहे ते तुम्हाला कळलं होतं, कारण चिठ्ठी तशीच ठेवून आतलं बदललं होतं तुम्हीच. हात किती भाजू द्यायचा हे ठरवलंत, पण त्याला गंजाचं पाणी लागू द्यायला तुमचं मन धजलं नाही. दुसरं कुणी असतं, तर एवढी काळजी घेतली नसती."

सासरे खुर्चीवर बसले. "थोरले, खरं का हे?"

"डोळे मिटून ओळखते, असं तुम्ही यांना सांगितलंत?" थोरलीनं उलट विचारलं.

"सगळ्यांनाच सांगतो मी."

"मला कधी नाही सांगितलंत, बाबा. सोळा वर्षांत एकदाही नाही." तिचा आवाज चढला नाही. "चावी मागितलीत तीही जाता जाता."

"अगं, पण एवढ्यावरून स्वतःचा हात जाळून घ्यायचा? त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

थोरलीनं पहिल्यांदाच धाकटीकडे सरळ पाहिलं. धाकटीचे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. गेले आठ दिवस प्रयोगशाळेत ते तिथेच असत.

"काही नाही केलं," थोरली म्हणाली. "आल्या दिवशी तिनं पाण्यात ॲसिड सोडलं. मी मागे उभी होते. काठावरून दोऱ्यासारखी धार, एकदाही तुटली नाही. मला ते यायला चार वर्षं लागली होती. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, बाबा. त्या रात्रीपासून मला झोप नाही. ती बाटलीही तिनं बरोबरच भरली होती."

धाकटीनं खिशातून हात काढले आणि ओट्यावर ठेवले. ती रडत होती, पण हात स्थिर होते.

थोड्या वेळानं तिनं मावशींची बादली उचलली आणि मागच्या बोळात गेली. बाई आणि मास्तर निघाले तेव्हा बोळातलं पाणी अजून तांबडं येत होतं. ती एकेक बादली ओतत, स्वच्छ व्हायची वाट बघत उभी होती. सही करायचं कार्ड तिनं दातांत धरलं होतं.