दोन तुझे, दोन माझे

तिला सगळे चिमटा म्हणायचे, कारण बायका केसांत क्लिप खोचतात तसा ही चिमटा खोचायची. खराखुरा, पितळी, बारीक टोकाचा. पाणबुडे जो रेग्युलेटर तोंडात धरून खाली जातात ना, तो दुरुस्त करायचं तिचं काम. त्यातल्या रबरी रिंगा नखाएवढ्या असतात आणि त्यांना लोखंड लावलेलं चालत नाही, ओरखडा उठतो. म्हणून पितळ. अशी ही बाई, अगदी मोजून-मापून वागणारी. भुताखेतांचं नाव काढलं की म्हणायची, "आधी गळती तपास."

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला सिलिंडर, मधे स्टीलचं टेबल, कोपऱ्यात पाण्यानं भरलेला मोठा टब. खिडकीतून जुनी दगडखाण दिसायची. खाण कधीच बंद पडली आणि पाण्यानं भरली, आता तिथे लोक बुडी मारायला शिकायचे.

त्या सकाळी तिची धाकटी बहीण टेबलावर पाय हलवत बसली होती. हिला घरी बेडकी म्हणायचे. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षेची बुडी होती, पहिली खोल बुडी, आणि तिला स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा होता.

"हा घे," चिमटा म्हणाली. "सीलबंद आहे, आतल्या भागाला पाणी लागत नाही. थंड पाण्यात अडकत नाही. आणि याचे सुटे भाग इथल्या इथे मिळतात. लोक रंग बघून घेतात आणि मग सर्व्हिसला वर्षभर भाग मिळत नाहीत म्हणून रडतात."

"ताई, मला दादाचा दे."

चिमट्याचा हात थांबला.

दादाचा रेग्युलेटर तीन वर्षं कपाटात होता. आता त्याचं सांगायला हवं. वर्कशॉपचा एक नियम होता, काकांनी घालून दिलेला. काका म्हणजे मालक, म्हातारे पाणबुडे. ज्यानं सर्व्हिस केली त्यानंच टबात डोकं घालून त्या रेग्युलेटरमधून दहा श्वास घ्यायचे, मग सील लावायचं. दुसऱ्याच्या जिवाआधी आपला जीव पणाला लावायचा, एवढं साधं. आणि तीन वर्षांपूर्वी दादा दारात गाडीचा हॉर्न वाजवत उभा होता. चिमट्याचं सगळं झालं होतं, फक्त दहा श्वास राहिले होते.

"दे गं लवकर," तो म्हणाला होता. "तुझे दहा मी खाली घेतो."

तिनं दिला.

सामान खाणीत एका कड्यावर सापडलं. कोणी घडी घालून ठेवावं तसं, व्यवस्थित. सिलिंडर रिकामा. सामानातच सापडलेल्या मनगटी कॉम्प्युटरप्रमाणे हवा अठराव्या मिनिटाला संपली होती, आणि ती चाळीस मिनिटं पुरायला हवी होती. दादा मात्र सापडलाच नाही. चारी बाजूंनी बंद खाण, माणूस जाणार कुठे? पण नाही. तपासात रेग्युलेटर ठीक निघाला, सगळ्यांनी सांगितलं तुझी चूक नाही. ही मात्र तीन वर्षं एकच गोष्ट मनात घोळवत होती. अठरा मिनिटं. माझ्याकडून गळती राहिली असणार.

"त्याचा माझ्याजवळ असेल तर मला भीती वाटणार नाही," बेडकी म्हणाली. "आणि तुला काय वाटतं ते मला माहीत आहे, ताई. एकदा उघडून बघ ना. तुझ्याही डोक्यातून जाईल."

बेडकी क्लासला गेली आणि चिमट्यानं रेग्युलेटर उघडला.

सिलिंडरवर बसतो तो पितळी भाग आधी. त्यात एक जाळी असते. कोणी टोपण न लावता रेग्युलेटर धुतला की आत पाणी जातं आणि जाळी हिरवी पडते. दादा धांदरट होता, तिला वाटलं हिरवी असेल. जाळी लख्ख होती. मग तोंडात धरायचा भाग उघडला. रबरी पडदा उचलला, आणि खाली चमचाभर पाणी.

तीन वर्षं कोरड्या कपाटात होता तो.

तिनं बोट बुडवलं. पाणी बर्फासारखं होतं. खाणीच्या तळाला असतं तसं.

"वाफ धरली असेल," ती मोठ्यांदा म्हणाली, स्वतःलाच. पुसलं. सगळ्या रिंगा बदलल्या, पडदा बदलला, जोडला, सिलिंडरला लावला आणि दाबाचं गेज बसवलं. काटा साडेनऊवर गेला आणि थांबला. थांबायलाच हवा. वर सरकत राहिला तर आत झिजलंय, आणि खाली येतो तो फक्त कोणी श्वास ओढला तर.

काटा खाली आला. परत वर. परत खाली, परत वर.

मग स्थिर.

तिनं डोळे चोळले. आठ-दहा सेकंद गेले. काटा खाली, वर. खाली, वर. मग स्थिर.

गळती इतकी शिस्तीची नसते हो. तिनं तोंडाचा भाग काढून टाकला, नळी काढली, भोकाला बूच घट्ट बसवलं. आता हवेला जायला वाटच नव्हती. काटा खाली, वर. खाली, वर. आणि शेजारच्या मोठ्या गेजवर सिलिंडरमधली हवा कमी होत होती.

तिनं काकांना हाक मारली. ते आले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि काट्याजवळ वाकले.

"किती आहे मधे?" त्यांनी विचारलं.

"आठ सेकंद. कधी दहा."

"दोन श्वासांचा वेळ."

"म्हणजे?"

"आमच्या वेळी दुसरी नळी नसायची," काका म्हणाले. "जोडीदाराची हवा संपली तर एकाच रेग्युलेटरमधून दोघांनी आळीपाळीनं ओढायची. दोन माझे, मग पुढे करायचं. दोन तुझे, मग परत घ्यायचं. हल्ली कोणी शिकवत नाही. दादाला मी शिकवलं होतं, हौस म्हणून."

काटा खाली, वर. खाली, वर.

"आता तो थांबलाय," काका हळूच म्हणाले. "दुसऱ्याची पाळी आहे. बंद कर ते."

त्यांनीच हात पुढे करून सिलिंडरची झडप बंद केली. ते बाहेर निघून गेले आणि जाताना दार उघडंच ठेवलं.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथून पळालो असतो. चिमट्याचं तसं नव्हतं. तिच्यावर दहा श्वास बाकी होते.

तिनं सगळं परत जोडलं, झडप उघडली. टबाशी गुडघे टेकले. तोंडात धरलं, आणि डोकं पाण्यात घातलं.

पहिला श्वास आला. दुसरा आला. हलका, छान, सर्व्हिस उत्तम झालेली.

तिसरा आलाच नाही.

ती ओढत राहिली. छातीला बरगड्या टोचल्या. आणि तेव्हा तिला ऐकू आलं. तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमध्येच, दातांपलीकडे, कोणी सावकाश हवा ओढली. एकदा. दोनदा.

मग तिला मिळाली.

दोन.

थांब.

दोन.

सातवा, आठवा. थांब. नववा, दहावा.

तिनं डोकं वर काढलं तेव्हा काटा साडेनऊवर होता. ती तासभर बघत बसली. हलला नाही. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. गळती नव्हती. गळती कधीच नव्हती. मग रात्रंदिवस घोकलेल्या त्या अठरा मिनिटांचा अर्थ तिला कळला, आणि बरं वाटणं तिथेच थांबलं. दादाला खाली कोणाशी तरी वाटून घ्यावं लागलं होतं.

तिनं रेग्युलेटर पुसला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंड वितळवून बंद केलं आणि वरच्या फळीवर ठेवला. त्यावर नावाची चिठ्ठी लावली नाही.

"खराब निघाला," तिनं बेडकीला सांगितलं. "नवीन घे."

"अगं पण..."

"बेडके, नवीन घ्यायचा नाहीतर पाण्यात उतरायचं नाही."

"बाई गं! आईसुद्धा इतकी ओरडत नाही," बेडकी म्हणाली, पण नवीन घेतला. खोक्यातून काढलेला, कोणाचंही तोंड न लागलेला. चिमट्यानं तो उघडून जोडला आणि टबात दहा श्वास घेतले. एकापाठोपाठ एक, दहा. मगच सील लावलं. परीक्षा पुढे ढकल, दुसरीकडे दे, हेही सांगून पाहिलं. बेडकी हसली. शेवटी काकाच म्हणाले, मी तिच्याबरोबर उतरतो.

परीक्षेच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. चिमटा खिडकीत उभी राहिली. दोन डोकी खाली गेली, आणि लवकरच दोन डोकी वर आली. दोन. तिनं पुन्हा मोजली. तिला हायसं वाटलं.

बेडकी ओल्या केसांनी आत आली, टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. "पास! ताई, अजिबात भीती वाटली नाही. सारखं वाटत होतं, कोणीतरी अगदी जवळ आहे."

"मी होतो की," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही सिलिंडर टेबलापाशी ठेवले. चिमट्याकडे बघितलं नाही. "माझा अर्ध्याहून जास्त भरलेला आहे. हिचा वर येता येता रिकामा झाला. अठराव्या मिनिटाला."

"बेडकीची फुप्फुसं मोठी!" बेडकी स्वतःच हसली.

मग ती दमून भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. चिमटा तिच्याकडे बघत राहिली. टॉवेल वर आला, खाली गेला. वर आला, खाली गेला. मग थांबला.

"बेडके?"

"हं," बेडकी म्हणाली, डोळे न उघडता. टॉवेल हलला नाही.

चिमट्यानं मान वर केली. फळीवरच्या बंद पिशवीच्या आतून प्लॅस्टिकवर वाफेचा एक गोल उमटला. तो विरायच्या आत दुसरा.

मग टॉवेल वर आला.